युद्ध थांबल्यावर लष्करी धोरण कुठून लिहायला घ्यावं

शस्त्रं शांत झाली की आठवडाभरात मुख्यालयात नव्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या याद्या फिरू लागतात. माझी निम्मी नोकरी नियोजन शाखेत गेली, उरलेली तरुण अधिकाऱ्यांना नियोजन शिकवण्यात. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो: याद्या कपाटात ठेवा. आधी कोण कधी घरी जाणार, ते लिहा.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने उद्योगांना हवी असलेली माणसं आधी सोडायचं ठरवलं. ही माणसं कारखान्यांत गरजेची, म्हणून बहुतेक अगदी शेवटी भरती झालेली. खंदकात वर्षानुवर्षं काढलेले मागेच राहिले. जानेवारी १९१९ मध्ये फोकस्टन बंदरावर सैनिकांनी फ्रान्सला जाणाऱ्या जहाजात चढायला साफ नकार दिला. चर्चिल युद्धमंत्री झाल्यावर वय, सेवेचा काळ आणि जखमा हे निकष लागू झाले. अमेरिकेने १९४५ साली गुण ठरवले: सेवेच्या महिन्याला १, परदेशातल्या महिन्याला आणखी १, पदकाला ५, लहान मुलामागे १२, ८५ भरले की सुटका. हा हिशेब जवानाला स्वतः मांडता येत होता. तुमचा निकषही तसाच असू द्या.

दुसरं काम, आठवणी ताज्या असतानाच धडे लिहून घेणं. डिसेंबर १९१९ मध्ये जर्मनीत जनरल झेक्ट यांनी ५७ समित्या बसवल्या आणि ४०० हून जास्त अधिकारी कामाला लावले. त्या सैन्याने पुढे हिटलरची चाकरी केली, ते आठवून आजही मन विषण्ण होतं. पण त्यांचे प्रश्न उचलण्यासारखे आहेत: युद्धात असं काय समोर आलं ज्याचा आधी विचारच नव्हता? आपल्या जुन्या समजुती कितपत टिकल्या? कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही? हे प्रश्न सेनापतींना विचाराच, पण भांडारातल्या हवालदाराला आणि गाडी दुरुस्त करणाऱ्यालाही विचारा.

प्रत्येक शिफारशीपुढे ती पार पाडणारं एक पद आणि एक तारीख हवी. कारगिलनंतर तीनच दिवसांत, २९ जुलै १९९९ ला, आढावा समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी २००० मध्ये तिचा अहवाल संसदेत आला. पाठोपाठ २००१ साली मंत्रिगटाने तिन्ही दलांना एकत्र बांधणारं संरक्षणप्रमुख हे पद सुचवलं. ते भरलं गेलं १ जानेवारी २०२० ला.

आता पैसा, आणि इथे घाई करू नका. अमेरिकेच्या १९२० च्या कायद्याने शांतताकाळात २,८०,००० सैनिकांना मंजुरी दिली. दोन वर्षांत पैसे उरले साधारण सव्वा लाख सैनिकांपुरते. सांगाडा मात्र मोठ्या सैन्याचाच राहिला. एका सरावात मी पहाटे एका कंपनीची हजेरी घेतली होती. वहीत एकशेवीसच्या आसपास नावं, समोर सत्तरेक जण. मोर्टारची तुकडी तर वहीतच होती. म्हणून अर्थखात्याकडून वाईटातल्या वाईट वर्षीही हमखास मिळेल तो आकडा आधी लेखी घ्या आणि त्यात बसतील तेवढ्याच तुकड्या ठेवा, पण पूर्ण भरलेल्या. कपात करावीच लागली, तर अनुभवी सुभेदार-हवालदार आणि प्रशिक्षक यांना शेवटपर्यंत हात लावू नका. जवान काही महिन्यांत तयार होतो, त्याला घडवणारा माणूस व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात.

गृहीतकांनाही मुदत घाला. पुढची दहा वर्षं मोठं युद्ध होणार नाही, असं ब्रिटनने १९१९ साली धरलं. तेव्हा ते चुकीचं नव्हतं. १९२८ मध्ये मात्र ती दहा वर्षं रोज आजपासून नव्याने मोजायची असं ठरलं आणि १९३२ पर्यंत तसंच चाललं. दरवर्षी गृहीतकं नव्याने तपासा, आणि तपासणारा ती लिहिणाऱ्याहून वेगळा असू द्या. तो नागरी सरकारला उत्तरदायी हवा.

आणि साठे उघडून बघा. ५ जुलै १९५० ला कोरियात ओसानजवळ सुमारे ५४० अमेरिकी सैनिक उत्तर कोरियाच्या टी-३४ रणगाड्यांसमोर उभे होते. एका लेफ्टनंटने जेमतेम पंधरा यार्डांवरून, रणगाड्यांच्या मागच्या बाजूवर, २.३६ इंची बझुकातून, म्हणजे खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी नळीतून, २२ रॉकेटं झाडली. रणगाडे पुढे निघून गेले. जास्त ताकदीचा ३.५ इंची बझुका तेव्हा तयार होता, या तुकडीपर्यंत पोचला नव्हता. म्हणून दर तिमाहीला प्रत्येक साठ्यातली कुठलीही एक पेटी निवडा, मैदानावर न्या, त्यातला दारूगोळा उडवून बघा आणि निकाल त्याच दिवशी वर कळवा.