पाडलेल्या घराचं सामान नेताय? या चुका टाळा

उन्हाळा लागला की आपल्याकडे गावोगावी मातीची घरं पाडायला घेतात. घरकुलाचा पहिला हप्ता खात्यात पडला की भिंतीला सब्बल लागलीच म्हणून समजा. मग घरासमोर, बोळीत, कधी अर्ध्या रस्त्यावर ढीग लागतो. त्यात कवेलू (कौलं), बल्ल्या, फाटे (छताची लाकडं), चौकटी, अर्ध्या विटा, गंजके पत्रे असं सगळं असतं. नेमक्या त्याच दिवसांत बाकीच्यांना मृगाच्या आत कवेलू फेरायचे असतात, कारण वानरांनी वर्षभर उड्या मारून अर्धं छत फोडलेलं असतं. शेजाऱ्याचा ढीग आणि आपली गरज अशी एकाच महिन्यात समोरासमोर येते.

पडून आहे म्हणजे टाकून दिलं, असं समजणं

सगळ्यात जास्त वाद या एका समजुतीतून होतात. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, पण एकरकमी नाही. काम कुठवर आलं त्याचे फोटो ऑनलाइन चढले की पुढचा हप्ता येतो. हप्ता अडकला की काम अडकतं आणि ढीग महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. त्यावर गवत उगवतं, कुत्री झोपतात. बघणाऱ्याला वाटतं, यांना काही नको दिसतं.

प्रत्यक्षात त्या ढिगातलं बहुतेक सामान कशाला ना कशाला लागणार असतं. घर पूर्ण होईपर्यंत ते कुटुंब आवारातच बल्ल्या रोवून, जुने पत्रे आणि कवेलू टाकून राहतं. पहिल्या जोराच्या वाऱ्यात त्यातले चार पत्रे उडतात, तेव्हा ढिगातलेच लागतात. अर्ध्या विटांचा रोडा जोत्याच्या भरावात जातो. भिंतीची पांढरी माती बंडीने शेतात नेऊन टाकतात, तिला खताचं मोल आहे. त्यामुळे माझं मत असं, की स्लॅब पडेपर्यंत छताचं काहीही मागूच नये. मागितलं तर समोरचा भिडेखातर हो म्हणतो आणि पावसाळ्यात त्याचंच घर गळतं.

हाच घोळ उकंड्याच्या बाबतीतही होतो. गावाबाहेरचा उकंडा कचऱ्यासारखा दिसतो, पण तो कुणाच्या तरी वर्षभराच्या शेणखताचा साठा असतो. धुऱ्यावर (बांधावर) रचलेली पऱ्हाटी आणि तुराटी, म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या वाळल्या काड्या, याही तशाच. चुलीला दोन काड्या नेल्या तर कुणी काही म्हणत नाही, पण भारा बांधून नेला की बोलणं होतं.

कायद्याचं म्हणाल तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम 303 खाली येते. वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या संमतीशिवाय, लबाडीने ती हलवणं ही चोरी. गावात गोष्ट पोलिसपाटलापर्यंतही क्वचितच जाते, पण पोळ्याला एकमेकांच्या घरी बैल नेणं बंद होतं.

चुकीच्या माणसाला विचारणं

घरकुल धाकट्याच्या नावावर असतं, पण जुन्या घरात थोरल्याचाही वाटा असतो. धाकट्याने हो म्हटलं म्हणून सागवानी चौकट उचलली, आणि पुण्याला कामाला असलेला थोरला दिवाळीत येऊन विचारतो, आमच्या आजोबाची चौकट कुठे गेली? म्हणून विचारताना घरात जे मोठं आहे, बहुतेक वेळा म्हातारी, तिच्यासमोर विचारावं. "काकू, ते फुटके कवेलू पडून हायेत, कोठ्यावर (गोठ्यावर) टाकाले नेऊ काजी?" एवढं पुरे. त्यावर "ने नं बापा" आलं की झालं. "पाहू" आलं तर तो नकार समजावा आणि पुन्हा विषय काढू नये.

मिस्त्रीला विचारून नेणं हीही चूकच. पाडायचं काम ठेक्याने दिलेलं असेल तर कधी लोखंड मजुरांकडे जातं, कधी लाकूड ठेकेदाराकडे. तो व्यवहार आपल्याला माहीत नसतो. उंबरठा आणि देवघराचा पाट मात्र कुणालाच मागू नये. काही घरांत ते नव्या घरात पुन्हा बसवतात.

नेण्याची रीत चुकणं

दिवसाढवळ्या न्यावं. रात्री हक्काची वस्तू नेली तरी ती चोरीसारखी दिसते, शिवाय कवेलूच्या ढिगात मण्यार, घोणस, विंचू हमखास असतात. आधी काठीने वरचा थर हलवा, उघडा हात आत घालू नका, पायात बूट घाला. साप चावलाच तर दोरी बांधणं, चिरा देणं, मांत्रिक गाठणं यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा.

शंभर कवेलू मागितले असतील तर शंभरच मोजावेत. चांगले वेचून फुटके पसरवून ठेवणारा माणूस दुसऱ्यांदा कुणाच्या दारात उभा राहू शकत नाही. ढीग उपसलात तर पुन्हा नीट रचून ठेवा, आणि फुकट मिळालं तरी घरची भाजी किंवा शेरभर तूर पाठवायला विसरू नका. पैसे देऊ केले तर काही जणांना राग येतो. तुरीचा राग आलेला मी अजून पाहिला नाही.

फुकट दिलं तरी घेऊ नये असं

फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे. दिसायला मजबूत असतात म्हणून लोक त्यात पाणी, रॉकेल, कधी गुरांचं मीठ भरतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तसलीच औषधं या डब्यांत असतात आणि धुतल्याने डबा घरात वापरण्याजोगा होत नाही. डबा तीनदा खंगाळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच टाकायचं, मग डब्याला भोक पाडायचं, म्हणजे कुणी वापरूच शकणार नाही.

जुने सिमेंटचे पत्रे फुटके असतील तर तिथेच राहू द्या. त्यात ॲस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. अख्खे पत्रे न्यायचेच तर पाणी मारून न्या, कापू नका, भोकं पाडू नका.

गेलेल्या माणसाचं अंथरूण, कपडे शिवेजवळ ठेवलेले दिसले तर त्यांना हात लावू नये. विटाळ मानणारे असोत वा न मानणारे, घरच्यांना ते दुसऱ्याच्या अंगावर दिसलं तर कसं वाटेल, एवढा विचार पुरेसा आहे.

गडबड झालीच तर

मालक चिडला तर "मला वाटलं टाकलंय" हे पहिलं वाक्य नको. आधी वस्तू परत नेऊन ठेवा, बोलणं नंतर. कवेलू छतावर चढले असतील तर तेवढेच मोजून दुसरीकडून आणून द्या. दोघांना एकच वस्तू कबूल झाली असेल तर ज्याच्या छताला सध्या भोक आहे त्याला जाऊ द्यावी.

सागाचं लाकूड दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर ट्रॅक्टर भरण्याआधी वनरक्षकाला विचारा. जुनी चौकट असली तरी सागाच्या वाहतुकीला वनखात्याचे नियम आहेत, आणि रस्त्यात अडवल्यावर शेजाऱ्याने दिली हे तोंडी सांगून भागत नाही. मालकाच्या सहीचा कागद आणि ग्रामपंचायतीचा दाखला आधीच घेऊन ठेवा. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) दोन-तीन गावं सांभाळत असतो, तेव्हा तो आपल्या गावात कोणत्या वारी बसतो ते आधी विचारून ठेवावं.