बटणं लावायला शेवटच्या पायरीपासून शिकवा

सात-आठ वर्षांचं मूल गोष्टी रंगवून सांगतं, पण शर्टाची बटणं लावताना रडकुंडीला येतं, डबा उघडताना सांडतं, चेंडू कधीच झेलत नाही. हा आळस किंवा वेंधळेपणा नसून डिस्प्रॅक्सिया असू शकतो. बुद्धीचा इथे संबंध नाही. हालचालींचा क्रम आखून तो हातापायांकडून करून घेणं जड जातं. शाळकरी मुलांत याचं प्रमाण साधारण 5 ते 6 टक्के आहे.

घरी कोणतंही काम उलट्या टोकाकडून शिकवा. बटण काजात अर्धं तुम्ही घाला, मुलानं फक्त ओढून घ्यायचं. ते जमलं की एक पायरी मागे या. दर वेळी काम त्याच्याच हातून पुरं होतं, म्हणून ते पुन्हा करून बघतं. सराव निवांत वेळी. सकाळी रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असताना नको. तेव्हा सरळ वेल्क्रोचे बूट द्या, त्यात कमीपणा कसला?

शाळेत बाईंना फळ्यावरच्या मजकुराचा छापील कागद मागा. ‘दहा वेळा लिहून काढ’ ही शिक्षा तर अशा मुलासाठी निव्वळ छळ आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या (शिकण्यातल्या ठरावीक अडचणींच्या) व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा उल्लेख आहे, त्यामुळे परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मागायला संकोचू नका. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. बालरोगतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार देणारे तज्ज्ञ) यांच्याकडून तपासणी लवकर करून घ्या, दहावीची वाट पाहू नका.