पर्यावरणाला कमीत कमी झळ पोहोचवणारा प्रवास कसा आखावा

पर्यावरणपूरक प्रवास म्हटलं की आधी कापडी पिशवी, स्टीलची बाटली आणि बांबूचा ब्रश आठवतो. या वस्तू जरूर न्याव्यात, पण खरा हिशेब त्यांच्यात नाही. 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात २०१८ साली आलेल्या अभ्यासानुसार पृथ्वी तापवणाऱ्या जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ८ टक्के वायू पर्यटनामुळे हवेत जातात. कुठे जायचं, कशाने जायचं आणि किती दिवस राहायचं हे ठरलं की आपल्या सहलीचा बहुतेक भार तिथेच ठरून जातो. बॅग त्यानंतर भरली जाते. म्हणून इथल्या पायऱ्याही त्याच क्रमाने दिल्या आहेत.

१. आधी अंतर आणि दिवस ठरवा

लांबच्या ठिकाणी तीन दिवस राहा किंवा पंधरा दिवस, जाण्या-येण्याचं इंधन तेवढंच जळतं. त्यामुळे वर्षात दूरच्या तीन धावत्या सहली करण्यापेक्षा एकच करा आणि तिथे निवांत राहा. उरलेल्या सुट्ट्यांसाठी जवळची ठिकाणं शोधा. एका सहलीत पाच शहरं उरकण्याचा बेत असेल तर त्यातली तीन खुशाल गाळा. मुक्काम लांबला की ठिकाण नीट कळतं आणि तुमचा पैसाही तिथल्या लोकांपर्यंत जास्त पोहोचतो.

जमलं तर गर्दीचा हंगाम टाळा. पाणी, कचरा आणि रस्ते यांच्यावरचा सगळा ताण त्याच काही आठवड्यांत येतो.

२. वाहन निवडा, आणि सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्या

ब्रिटन सरकारच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशांतर्गत विमानात दर प्रवाशामागे एका किलोमीटरला सुमारे २४६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. साध्या पेट्रोल मोटारीचं ते सुमारे १७० ग्रॅम, रेल्वेचं ३५ आणि लांब पल्ल्याच्या बसचं २७ ग्रॅमच्या आसपास आहे. देशागणिक हे आकडे बदलतात, कारण रेल्वेची वीज कोळशातून येते की वाऱ्यातून यावरही बरंच अवलंबून असतं. क्रम मात्र सहसा हाच राहतो.

आता ५०० किलोमीटरचा प्रवास घ्या. विमानाने माणशी सुमारे १२३ किलो, रेल्वेने साडेसतरा, बसने साडेतेरा. मोटारीत एकटेच असाल तर ८५ किलो, पण त्याच मोटारीत चौघे बसले तर माणशी साधारण २१ किलो, म्हणजे जवळपास रेल्वेइतकंच. मोटार घ्यावीच लागणार असेल तर तिच्या जागा भरा.

कमी अंतराची विमानं विशेष महाग पडतात, कारण उड्डाण आणि चढाई यांतच भरपूर इंधन खर्च होतं. फ्रान्सने २०२३ पासून, जिथे रेल्वेने अडीच तासांच्या आत पोहोचता येतं अशा काही देशांतर्गत मार्गांवर विमानसेवा बंदच केली. तुमच्या देशात असा कायदा नसला तरी तो नियम स्वतःपुरता लावून घेता येतो. रात्रीची रेल्वे मिळत असेल तर दिवसही वाचतो आणि एका मुक्कामाचं भाडंही.

समुद्र ओलांडायचा असेल तर बहुतेकदा विमानाला पर्याय नसतो. अशा वेळी थेट विमान घ्या. मध्ये उतरून दुसरं विमान पकडलं की उड्डाणं वाढतात. इकॉनॉमी वर्गातून जा. बिझनेस वर्गाची खुर्ची जास्त जागा अडवते, म्हणून तिच्या वाट्याला इंधनही दुप्पट-तिप्पट किंवा त्याहून जास्त येतं. जहाजाची सफर विमानापेक्षा स्वच्छ असेल असं समजू नका. मोठी पर्यटक जहाजं म्हणजे तरंगती हॉटेलंच असतात आणि त्यांची इंजिनं दिवसरात्र चालू राहतात.

तिकीट काढताना 'थोडे पैसे भरून कार्बनची भरपाई करा' असा पर्याय बरेचदा समोर येतो. हे पैसे जंगलं वाचवण्यासारख्या प्रकल्पांना जातात, पण अशा अनेक प्रकल्पांचे दावे तपासात फुगवलेले निघाले आहेत. पैसे भरायचे तर भरा, पण ते भरले म्हणून एक विमानप्रवास वाढवू नका.

३. मुक्कामाची जागा प्रश्न विचारून निवडा

हिरवं पान छापलेली पाटी म्हणजे पुरावा नव्हे. वीज कुठून येते, सांडपाण्याचं काय होतं, कचरा वेगळा करता का आणि तो पुढे कुठे जातो, कामाला स्थानिक माणसं आहेत का, असे साधे प्रश्न बुकिंगआधी ईमेलने विचारा. खरोखर काम करणारे लोक तपशिलाने उत्तर देतात. प्रमाणपत्र दाखवलं तर ते कोणी दिलं आहे ते पाहा. ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल ही संस्था याबाबतचे निकष ठरवते आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. तिची यादी ताडून पाहता येते.

स्टेशनपासून किंवा बसथांब्यापासून चालत जाता येईल अशी जागा घेतली तर रोजची टॅक्सी टळते. शक्य तिथे स्थानिक मालकाची जागा निवडा.

४. बॅग हलकी ठेवा

पाण्याची बाटली, डबा, चमचा, कापडी पिशवी, साबणाची वडी. नवीन 'पर्यावरणपूरक' वस्तू विकत घेण्यापेक्षा घरात आहे तेच न्या.

५. पाणी आणि वीज यजमानांचं आहे हे धरून चाला

अनेक पर्यटनस्थळी पाणी मुळात कमी असतं आणि हॉटेलांची मागणी भागवताना आसपासच्या वस्तीचा नळ आटतो. टॉवेल-चादरी रोज बदलू नका म्हणून सांगा, बादलीने किंवा थोडक्यात शॉवरखाली आंघोळ करा आणि खोलीबाहेर पडताना एसी बंद करा.

६. निसर्गात शिरताना अंतर राखा

थायलंडच्या माया बे या छोट्या किनाऱ्यावर एके काळी दिवसाला सुमारे ५,००० माणसं यायची. बोटींचे नांगर आणि माणसांची पावलं यांनी तिथलं प्रवाळ मोडलं. २०१८ मध्ये किनारा बंद करावा लागला आणि २०२२ मध्ये कडक मर्यादा घालूनच पुन्हा उघडला. मधल्या काळात काळ्या टोकाच्या परांचे शार्क तिथे परत आले. माणसांनी जागा सोडली की निसर्ग किती सावरतो हे त्यातून दिसतं.

समुद्रात उतरण्याआधी सनस्क्रीनची नळी वाचा. प्रवाळाला घातक ठरू शकणारी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या क्रीमच्या विक्रीवर अमेरिकेच्या हवाई राज्याने २०२१ पासून बंदी घातली. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशाने त्याआधीच, २०२० मध्ये, अशा क्रीमना मज्जाव केला. लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घातला तर क्रीमच कमी लागतं.

प्राण्यांना हात लावू नका, खायला घालू नका. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात अस्वल आणि लांडग्यांपासून ९१ मीटर, तर गव्यासारख्या बायसनपासून २३ मीटर दूर राहण्याचा नियम आहे. २०२३ मध्ये तिथे एका माणसाने बायसनच्या नवजात पिल्लाला ढकलून नदीबाहेर काढलं. हेतू चांगला असेल, पण कळपाने ते पिल्लू परत स्वीकारलं नाही आणि शेवटी त्याला मारावं लागलं. पाठीवर बसवणारे किंवा मांडीवर घेऊन फोटो काढू देणारे प्राण्यांचे खेळ तर पूर्णपणे टाळा.

डोंगरात आखलेली वाट सोडू नका. शौचालय नसेल तर पाण्यापासून साधारण ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि नंतर तो बुजवा. कचरा सगळा परत आणा, फळांच्या सालींसकट; थंड, कोरड्या उंचीवर त्या लवकर कुजत नाहीत.

७. माणसांशी नीट वागा, खरेदी पारखून करा

फोटो काढण्याआधी विचारा, विशेषतः लहान मुलांचे फोटो असतील तर त्यांच्या पालकांना. वाटाड्या स्थानिक घ्या आणि हाताने काम करणाऱ्यांशी घासाघीस करू नका. प्रवाळ, कासवाची पाठ, हस्तिदंत, रानटी प्राण्यांची कातडी यांपासून केलेल्या वस्तू घेऊ नका. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबतच्या, १९७५ पासून अमलात असलेल्या साइट्स करारानुसार त्यांतल्या बऱ्याच वस्तू देशाबाहेर नेणं बेकायदा आहे, दुकानदार काहीही सांगो.

८. परतल्यावर फोटो टाकताना विचार करा

कॅलिफोर्नियातल्या वॉकर कॅन्यनमध्ये २०१९ साली पॉपीच्या फुलांचे फोटो इतके पसरले की झुंबड उडाली आणि फुलं पायांखाली तुडवली गेली. २०२३ च्या बहरात तिथे प्रवेशच बंद ठेवावा लागला. नाजूक जागेचं नेमकं ठिकाण जोडण्याऐवजी मोठ्या परिसराचं नाव द्या. सोबत तिथे रेल्वेने कसं पोहोचायचं, कोणत्या महिन्यात गर्दी नसते आणि कोणत्या भागात पाऊल टाकायचं नाही, हेही लिहा.