लेबर कॅम्पमधल्या बायकांवरच्या हिंसेचा रिसर्च करायचाय? आधी हे वाचा

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या मास्टर्सच्या) डेझर्टेशनला हा विषय घेताय तर जरूर घ्या, पुण्याच्या वाघोली-हिंजवडीकडच्या बांधकाम साईटवर बिहार, छत्तीसगडच्या आणि आपल्या बीड-नांदेडच्यापण किती बायका राबतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. फक्त प्रश्नावली बनवायच्या आधी एक डोक्यात पक्कं ठेवा, तुम्ही बस पकडून घरी जाणार आणि तिला त्याच पत्र्याच्या खोलीत रात्र काढायचीय.

म्हणून कॅम्पमध्ये "हिंसेचा सर्व्हे" असं बोलायचंच नाही, बायकांचं काम आणि तब्येत एवढंच सांगायचं, खरा विषय फक्त तिला, ती एकटी असताना, आणि तेव्हा परत विचारायचं की बोलायचंय का. एका घरातली एकच बाई घ्या, तिच्या सासूला किंवा जावेला घेऊ नका. एनएफएचएसमध्येपण (सरकारचा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे) हे प्रश्न घरटी एकाच बाईला विचारतात आणि एकांत नसेल तर विचारतच नाहीत.

एकांत मिळणं हेच सगळ्यात अवघड, पत्र्याच्या पलीकडे सगळं ऐकू जातं. साईटवरचं पाळणाघर, आरोग्य शिबिर अशा जागा बघा, आणि नवरा अचानक आला तर लसीकरण, रेशन असले प्रश्न सुरू करायचे हे तिच्याशी आधीच ठरवून ठेवा.

मुकादमाची परवानगी गेटमधून आत जायला लागते, पण ती म्हणजे तिची संमती नाही. त्याने निवडून दिलेल्या बायका घेऊ नका आणि दुभाषा म्हणून त्याला किंवा नातेवाईकाला तर अजिबात नको, उचल (कामाआधीचे आगाऊ पैसे) त्यानेच दिलेली असते, त्याच्यासमोर ती काय बोलणार?

"तुमच्यावर हिंसा होते का" असं विचारलं की "नाही" येतं. थोबाडीत मारलं का, मजुरी काढून घेतली का, गावाला फोन करू दिला नाही का, असं एकेक विचारा.

मदतीची माहिती तोंडपाठ हवी, 181 (महिला हेल्पलाइन), 112 (तातडीची मदत), सखी वन स्टॉप सेंटर (हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र). 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो, गावी जावं लागत नाही, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं, नक्की सांगा. पण चिठ्ठी हातात देऊ नका, घरात सापडली तर मार तिलाच. मुलगी 18 च्या आतली असेल आणि लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे संमती घेतानाच सांगायचं, नंतर सांगणं म्हणजे फसवणूक.

निर्वासित बायकांशी बोलणार असाल तर जास्तच जपा. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, वेगळा कायदा पण नाही, त्यामुळे कागदपत्रांची भीती कायम. व्हिसा, पासपोर्ट नंबर लिहूनच घेऊ नका, सहीऐवजी तोंडी संमती चालेल का ते एथिक्स कमिटीकडून आधीच मंजूर करून घ्या.

रिपोर्ट लिहिताना नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, मुलांची संख्या आणि साईट हे तिन्ही एकत्र छापलं की मुकादम तिला पाच मिनिटांत ओळखतो, त्यातलं निदान दोन तरी काढून टाका.