हिट्सची जुनी एलपी: सोलापुरात धुणं आणि ठेवणं

एखाद्या ज्येष्ठ रॉक गायकाच्या हिट्सच्या एलपीत (सुईने वाजणारी मोठी तबकडी) एका बाजूला 25-26 मिनिटं कोंबलेली असतील, तर सुई जिच्यातून फिरते त्या खाचा अरुंद होतात आणि आवाज बारीक येतो. तो दोष धुऊन जात नाही. धुळीची खरखर मात्र जाते.

बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातले क्षार खाचेत सुकले की नवी खरखर सुरू. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे 2 थेंब टाका, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनेच गोल फिरवा, मधलं लेबल कोरडं ठेवा. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा. सावलीत उभी वाळवा.

मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद गाडीत एलपी हमखास वाकते. खालच्या कपाटात, उभीच ठेवा.