पाऊस उघडल्यावर ट्रायथलॉनची तयारी: पहिल्या शर्यतीपर्यंतचे आठ आठवडे

कोल्हापुरात ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीची, तयारी खऱ्या अर्थानं सुरू होते ती पाऊस उघडल्यावर. चार महिने सायकल घरात ट्रेनरवर (जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) असते, पोहणं तरण तलावात होतं आणि धावणं उघडीप मिळेल तसं. ऑक्टोबरात आभाळ मोकळं झालं की उन्हाळ्याआधीचा वेग आठवतो आणि पहिल्याच रविवारी पन्हाळा गाठायची घाई होते. नडगी दुखणं, टाचेमागची शीर धरणं हे प्रकार तिथूनच सुरू होतात. दम तीन-चार आठवड्यांत परत येतो. शिरा आणि हाडं मात्र डांबरावरचा मार सोसायला त्याहून बराच जास्त वेळ घेतात. दम साथ देतोय म्हणून वेग वाढवला की दुखापत ठरलेलीच.

नोकरी-धंदा सांभाळून आठवड्याला सात तास पुरतात. पोहणं तीन वेळा, प्रत्येकी ४५ मिनिटं. सायकल एकदा दोन तास आणि एकदा एक तास. धावणं तीन वेळा, ३५ मिनिटं. पहिले चार आठवडे सगळं इतकं सावकाश करा, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. चौथ्या आठवड्यात वेळ एक तृतीयांशानं कमी करा. ही विश्रांती टाळणारेच पुढं आजारी पडतात. पाचव्या आठवड्यापासून प्रत्येक प्रकारात एकच जोरकस सत्र ठेवा: पोहण्यात १०० मीटर दहा वेळा, मध्ये १५ सेकंद थांबून, सायकलवर ८ मिनिटं तीन वेळा, धावण्यात ३ मिनिटं पाच वेळा. बाकी सगळं आधीसारखंच सावकाश.

रस्त्यावर येण्याआधी सायकल तपासा. ट्रेनरवर गळालेला घाम हँडलच्या बोल्टना आणि हेडसेटच्या (हँडल फिरतं त्या सांध्याच्या) बेअरिंगला खातो, आणि वरून काही दिसत नाही. बार टेप एकदा सोडवून खालचा गंज बघाच. चेन गेजनं मोजा: मागं ११ किंवा १२ गिअर असतील तर ०.५ टक्के झीज दिसली की चेन बदला, नाहीतर कॅसेटही (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) जाते. टायरमध्ये रुतलेली खडी टोकदार काडीनं काढा. ७० किलोच्या माणसाला २५ एमएम टायरमध्ये ८० ते ८५ पीएसआय हवा पुरे. खड्ड्यांच्या रस्त्यावर १०० भरली तर सायकल उसळते आणि पकड जाते.

लांब, सपाट रपेटीला राधानगरीचा रस्ता चांगला, चढाला वाघबीळवरून पन्हाळा. पावसानंतर घाटाच्या वळणांवर वाळू-खडी साचलेली असते, त्यामुळं उतरताना ब्रेक वळणाआधी लावा, वळणात नाही. आणि गळीत हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात निघू नका. उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच असं नाही, आणि रस्त्यावर सांडलेल्या उसावरून चाक हमखास घसरतं. उजाडल्यावर निघा, तरीही मागचा लाल दिवा चालू ठेवा.

पोहण्याकडं सगळ्यात जास्त लक्ष द्या. आपल्याकडं अनेकजण विहिरीत किंवा नदीत शिकलेले, डोकं वर काढून हात मारणारे. डोकं वर आलं की कंबर आणि पाय बुडतात, आणि १०० मीटरमध्येच दम लागतो. नजर सरळ तळाकडं ठेवा, श्वास पाण्यात पूर्ण सोडा आणि वळून फक्त आत घ्या. उघड्या पाण्यात होणारी घाबरगुंडी बहुतेक वेळा अर्धवट सोडलेल्या श्वासामुळंच होते. दिशा बघायला दर ६ ते ८ हातांनी डोळे पाण्याच्या जरा वर आणा, मगरीसारखे, आणि लगेच बाजूला वळून श्वास घ्या. हे आधी तरण तलावात घोटा. मग शर्यतीआधी निदान तीन वेळा मोठ्या तलावात उतरा. कमरेला केशरी फुगा बांधलेला हवा, सोबत पोहणारा हवा, आणि जिथं पोहायला परवानगी आहे तिथंच उतरा. पाणी हिरवं, साय धरलेलं किंवा जलपर्णीनं भरलेलं असेल तर त्या दिवशी पोहणं रद्द. आपल्याकडचं पाणी कोमट असतं, वेटसूटवर (थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखावर) पैसे घालू नका.

सहाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला एक ब्रिक करा: ५० मिनिटं सायकल, लगेच १५ मिनिटं धावणं. सायकलवरून उतरल्यावर पाय जड लागतात, वेग मात्र नकळत जास्त पडतो. पहिला किलोमीटर नेहमीपेक्षा १५-२० सेकंद सावकाशच ठेवा. ट्रान्झिशनची, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जातानाच्या बदलाची, तालीम अंगणात होते. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, आणि सायकल स्टँडला अडकवल्यावरच सोडायचा. हा क्रम चुकला तर दंड होतो. शर्यतीचा नंबर कमरेच्या बेल्टवर लावा.

पहिली शर्यत स्प्रिंटच घ्या: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. गोव्याची आयर्नमॅन ७०.३ ही लांब पल्ल्याची शर्यत डोक्यात असली तरी ही पायरी सोडू नका. आदल्या रात्री तांबडा-पांढरा नको, साधा वरण-भात घ्या. सुरुवातीच्या अडीच तास आधी दोन केळी आणि ब्रेड किंवा इडली, जे सरावात पचलंय तेच. बाटलीसाठी एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू. स्प्रिंटला यातलं अर्धंही पुरतं. पाण्यात उतरताना गर्दीच्या कडेला उभं राहा आणि पहिले १०० मीटर मुद्दाम हळू काढा. सायकलवर पहिली पाच मिनिटं हलका गिअर ठेवा, पोहून वाढलेले हृदयाचे ठोके आधी खाली येऊ देत. पुढच्याच्या चाकाला चिकटू नका. हौशी गटात बहुतेक ठिकाणी ड्राफ्टिंगला मनाई असते.

शर्यतीनंतर दोन दिवस फक्त चालणं आणि हलकं पोहणं. धावणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तेही २० मिनिटं. जिना उतरताना मांडी दुखत असेल तर आणखी एक दिवस थांबा.