पुस्तकावर विकिपीडियाचा लेख लिहिताना : खान्देशातल्या एका वाचनालयातून

अमळनेर तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी सात वर्षं पुस्तकांची देवघेव बघते. मराठी विकिपीडियावर पुस्तकांचे लेख लिहायला लागले त्याला तीन वर्षं झाली. आमच्याकडे अभ्यासिकेत बसणारी मुलंमुली अधूनमधून विचारतात, "ताई, आम्हालाही लिहायचंय, सुरुवात कशी करायची?" त्यांना टेबलापाशी उभ्या उभ्या जे सांगते, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

माझा पहिला लेख दुसऱ्याच दिवशी काढून टाकला गेला. तो एका अहिराणी कवितासंग्रहावर होता. कवी ओळखीचे, आम्ही त्यांना नाना म्हणतो. पुस्तक त्यांनीच वाचनालयाला भेट दिलेलं. मी मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा टंकला, खाली किंमत टाकली, पुस्तक कुठे मिळेल तो फोन नंबर टाकला आणि रात्री साडेदहाला 'प्रकाशित करा' दाबलं. सकाळी लेखाच्या डोक्यावर पान काढण्याची सूचना लागलेली होती, संध्याकाळी लेखच नव्हता. फार लागलं मनाला. आमच्या बोलीला इथेही जागा नाही असं वाटलं आणि दोन महिने मी तिकडे फिरकलेच नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा खातं उघडलं तेव्हा माझ्या चर्चा पानावर, म्हणजे सदस्याला निरोप ठेवायच्या पानावर, एका जुन्या सदस्याने लिहून ठेवलेलं दिसलं. मलपृष्ठावरचा मजकूर प्रकाशकाचा असतो, तो उचलणं हा प्रताधिकारभंग. किंमत आणि फोन नंबर ही जाहिरात. आणि तिसरं: या पुस्तकाबद्दल कवी आणि प्रकाशक सोडून आणखी कुणी काही लिहिलं आहे का, ते लेखात कुठेच नाही. पहिले दोन मुद्दे लगेच पटले. तिसरा कळायला वेळ लागला, आणि सगळं काम त्या तिसऱ्या मुद्द्यावरच उभं आहे.

आपण वाचक असतो तेव्हा पुस्तक आपल्याला काय वाटलं ते सांगतो. विश्वकोशाला ते नको असतं. त्याला हवं असतं ते एवढंच, की या पुस्तकाची दखल त्रयस्थ माणसांनी कुठे घेतली आणि काय म्हणून घेतली. नियतकालिकात परीक्षण आलं का, साहित्य अकादमी किंवा राज्य शासनाचा वाङ्मय पुरस्कार मिळाला का, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला लागलं का, त्यावर नाटक-सिनेमा झाला का, कुणाच्या प्रबंधात त्यावर सविस्तर लिहिलं आहे का. याला विकिपीडियावर उल्लेखनीयता म्हणतात. किमान दोन स्वतंत्र ठिकाणी पुस्तकाबद्दल नीट लिहिलेलं सापडलं नाही, तर लेख सुरू करायची घाई करू नये. पुस्तक कमी दर्जाचं आहे असा त्याचा अर्थ होत नाही. त्याच्याबद्दल लिहायला लागणारी सामग्री अजून छापली गेलेली नाही किंवा आपल्या हाती आलेली नाही, इतकाच होतो.

आता खान्देशातल्या पुस्तकांची अडचण सांगते. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांची परीक्षणं निदान काही प्रमाणात इंटरनेटवर सापडतात. आपल्याकडच्या पुस्तकाची दखल जुन्या मासिकाच्या बांधीव खंडात असते, दिवाळी अंकात असते, संमेलनाच्या स्मरणिकेत असते. नावानं शोधलं तर शून्य निकाल येतात आणि माणूस समजतो की काहीच लिहिलं गेलेलं नाही. पण अमळनेरला १९५२ साली आणि पुन्हा २०२४ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, जळगावला १९३६ आणि १९८४ साली, धुळ्याला १९४४ साली. ज्या भागात इतकी संमेलनं भरली तिथे पुस्तकांवर कुणी लिहिलंच नसेल असं कसं होईल? लिहिलेलं आहे, ते कपाटात आहे. आणि कपाटाची किल्ली तुमच्या-माझ्यासारख्यांकडे आहे, म्हणून हे काम आपणच करायला हवं असं मला मनापासून वाटतं. छापील संदर्भ विकिपीडियाला चालतो. लेखक, शीर्षक, नियतकालिक, अंक, वर्ष आणि पान क्रमांक एवढं दिलं की पुरे, दुवा असलाच पाहिजे असं नाही.

सुरुवात मात्र नव्या लेखापासून करू नका. आधी आहे त्या लेखात भर घाला. एखाद्या कादंबरीच्या लेखात प्रकाशन वर्षापुढे 'संदर्भ हवा' असं दिसलं, तर ते पुस्तक फडताळातून काढा, वर्ष तपासा, संदर्भ जोडा. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यातून बदल कसा करायचा, झलक कशी बघायची, बदलाचा आढावा दोन शब्दांत कसा लिहायचा हे सगळं हाताखालून जातं. माझे पहिले चाळीसेक बदल असेच होते. नवा लेख आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर लिहा, तिथे चुकलं तरी बिघडत नाही. खातं स्वतःचंच असू द्या, वाचनालयाच्या किंवा मंडळाच्या नावानं नको. टंकायची पंचाईत असेल तर विकिपीडियावरच अक्षरांतरणाची, म्हणजे रोमन अक्षरांत टंकून देवनागरी उमटवायची सोय आहे. प्रेसमध्ये श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर मात्र इथे डकवला की नुसती चित्रविचित्र अक्षरं उमटतात, तो युनिकोडमध्येच असावा लागतो.

पुस्तक हातात घेतल्यावर पहिल्यांदा शीर्षकपानाच्या मागचं पान उघडा. माझा सगळ्यात जास्त वेळ याच पानावर जातो. तिथे बारीक अक्षरात प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठकार, आवृत्ती, स्वामित्व हे सगळं असतं. नवशिके हमखास चुकतात ते आवृत्तीत. हातातल्या प्रतीवर जे वर्ष दिसतं तेच प्रकाशन वर्ष म्हणून लिहून टाकतात. 'बहिणाबाईंची गाणी' घ्या. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि संग्रह १९५२ साली आला. आमच्या कपाटातल्या प्रती मात्र पुढच्या आवृत्त्यांच्या आहेत. त्यातली एकच बघून लिहिलं असतं तर संग्रह कित्येक वर्षं पुढे सरकला असता. पुनर्मुद्रण वेगळं, आवृत्ती वेगळी, हेही लक्षात ठेवा. आणि प्रत जुनी असली, पहिलं पान फाटलेलं असलं, तर वाचनालयाची दाखल नोंदवही बघा. पुस्तक १९५६ साली दाखल झालं असेल तर ते १९६० चं असू शकत नाही, एवढं तरी कळतं. ही नोंदवही संदर्भ म्हणून देता येत नाही, पण आपली चूक ती पकडून देते.

जुन्या पुस्तकांवर इसवी सन नसतो, शक असतो. शकात ७८ मिळवले की सन येतो, पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. पुस्तक माघात किंवा फाल्गुनात निघालं असेल तर ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं. पौष मधोमध येतो, त्याची तिथी बघूनच ठरवावं. एका नाटकाचं वर्ष मी असंच एकानं चुकवलं होतं आणि सहा महिन्यांनी स्वतःच दुरुस्त केलं.

नव्या पुस्तकांवर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक असतो. २००७ पासून तो तेरा आकडी झाला, त्याआधी दहा आकडी होता. तेरा आकडी क्रमांक उतरवताना चूक झाली का हे तपासायची युक्ती सांगते. पहिला आकडा एकानं गुणायचा, दुसरा तिनानं, तिसरा पुन्हा एकानं, असं शेवटपर्यंत जायचं आणि बेरीज करायची. बेरजेला दहानं पूर्ण भाग गेला पाहिजे. नाही गेला तर कुठेतरी आकडा चुकला. कधीकधी पुस्तकावरच चुकीचा छापलेला असतो, तेव्हा तो लेखात न घालणंच बरं.

मग लेखाचं पहिलं वाक्य. "कोसला ही मराठीतली युगप्रवर्तक, अजरामर कादंबरी आहे" असं लिहायचा मोह आपल्याला होतोच. नेमाडे आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे, अभिमान असणारच. पण लेखात येईल ते असं: "कोसला ही भालचंद्र नेमाडे यांनी लिहिलेली, १९६३ साली प्रसिद्ध झालेली मराठी कादंबरी आहे." थोरवी सांगायची असेल तर ती कुणी, कुठे सांगितली ते नाव-गाव-पानासकट द्यायचं, आणि त्या कादंबरीवर कुणी कडक टीका केली असेल तर तीही तितक्याच निगुतीनं द्यायची. विशेषणं गाळली की लेख रोडावतो असं सुरुवातीला वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. विशेषण काढलं की त्या जागी काय माहिती घालायची हे शोधावं लागतं, आणि लेख त्या शोधातून भरतो.

कथानक आपल्या शब्दांत, थोडक्यात आणि शेवटासकट लिहा. त्याला पुस्तक हाच आधार चालतो. पण "या प्रसंगातून लेखकाला समाजव्यवस्थेवर प्रहार करायचा आहे" असं लिहिलंत की ते तुमचं मत झालं, त्याला समीक्षकाचा आधार लागतो.

यातलाच एक प्रसंग माझ्या कायम ध्यानात राहिला आहे. बहिणाबाईंची जन्मतारीख काही ठिकाणी ११ ऑगस्ट १८८० दिलेली असते, काही ठिकाणी २४ ऑगस्ट १८८०. जन्म नागपंचमीचा, असं सगळीकडे म्हणतात. मी उत्साहानं पंचांगाचं गणित मांडून बसले, त्या वर्षीची श्रावण शुद्ध पंचमी कोणत्या तारखेला येते ते काढलं आणि ते लेखात घालू का, असं चावडीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सामाईक चर्चेच्या पानावर विचारलं. उत्तर आलं की गणित बरोबर असेलही, पण ते तुमचं स्वतःचं संशोधन झालं. आधी ते कुठेतरी छापून येऊ द्या, मग कुणीही त्याचा हवाला देईल. तोपर्यंत दोन्ही तारखा आपापल्या संदर्भासह द्या. तेव्हा हात आखडल्यासारखं झालं. आज मी तेच दुसऱ्यांना सांगते. उद्या कुणीही उठून आपलं गणित मांडू लागला, तर वाचणाऱ्यानं कशावर विश्वास ठेवायचा?

संदर्भ शोधायला आधी मराठी विश्वकोश बघा. एखादं पुस्तक १९५० पूर्वीचं असेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची बघा. १८०० पासूनच्या छापील मराठी पुस्तकांची ती यादी आहे, आणि जुन्या पुस्तकाचा नुसता माग काढायचा असला तरी तिच्यासारखं दुसरं साधन मला ठाऊक नाही. प्रबंधांसाठी जळगावचं विद्यापीठ आहे. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गेले त्यानंतर १९२७ साली निघालेलं. जाताना वही न्या, हव्या त्या नोंदींची यादी आधी करून न्या. यादीशिवाय गेलं की दिवसभर नुसतं वाचत बसणं होतं आणि संध्याकाळच्या एसटीची वेळ होते. हे दोनदा झालंय माझं.

मुखपृष्ठाचा फोटो काढून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रांच्या साठ्यात चढवू नका, ते चित्र चित्रकाराच्या किंवा प्रकाशकाच्या मालकीचं असतं. आपल्या कायद्याप्रमाणे लेखक वारल्यानंतरच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं प्रताधिकार राहतो. साने गुरुजी १९५० च्या जूनमध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ च्या सुरुवातीला मुक्त झालं. अशी पुस्तकं विकिस्रोत या विकिपीडियाच्या भावंड ग्रंथालयात आख्खी उतरवता येतात, ज्यांना लेख लिहायचा धीर होत नाही त्यांनी तिथे मुद्रितशोधन करावं. आणि पुस्तकाच्याच नावाचा सिनेमा असेल तर लेखाच्या नावापुढे कंसात पुस्तक किंवा कादंबरी असं लिहावं लागतं. 'श्यामची आई' शोधणाऱ्याला १९३५ चं पुस्तक हवंय की १९५३ चा चित्रपट, हे यंत्राला कसं कळणार?

कुणी तुमचं लिखाण उलटवलं, म्हणजे काढून आधीचं परत आणलं, तर लगेच पुन्हा तेच टाकू नका. लेखाच्या चर्चा पानावर जा, विचारा, खाली चार टिल्डा (~~~~) टाकून सही करा. तिथे उत्तर देणारी माणसंही दिवसभराची नोकरी करून रात्री हे काम करतात.

नानांच्या कवितासंग्रहाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मधल्या काळात त्यावर एका मासिकात परीक्षण आलं आणि एका प्रबंधात अख्खं प्रकरण आलं. मी धूळपाटीवर सहा वाक्यं लिहिली, दोन संदर्भ जोडले. कवी ओळखीचे असल्यानं स्वतः थेट लेख न करता चर्चेत तसं सांगितलं, तो दुसऱ्या सदस्याने तपासून मुख्य जागी नेला. तो अजून टिकून आहे. नाना वाचनालयात आले तेव्हा त्यांना संगणकावर दाखवला. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचला.

"काय वं माय, इतलंच?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, छापून आलेलं एवढंच सापडलं. पुस्तक निघालं तेव्हा कुणी काही लिहिलं होतं का?"

ते जरा थांबले. धुळ्याच्या एका दिवाळी अंकात दोन पानं आली होती, म्हणाले. अंक घरी पोटमाळ्यावर असेल, बघून उद्या आणतो. मी वहीत लिहून ठेवलं: अंकाचं नाव, वर्ष, पान.